‘नंबर किती काढणार?’ : ग्रंथालयातली उन्हाळी चित्रकला आणि एक जुना प्रयोग

एप्रिल सरत आला की परभणीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पारा ४२-४३ च्या वर जातो, आणि कुठल्या ना कुठल्या वाचनालयाच्या दारावर ‘बालकला उन्हाळी शिबिर’ असा फ्लेक्स लागतो. चित्रकला, रंगभरण, मातीकाम, कागदकाम. वेळ सकाळी ८ ते १०, कारण त्यानंतर लेकरांना बाहेर सोडायची कुणाची हिंमत होत नाही.

माझं पीएच.डी.चं काम काळ्या मातीतल्या खनिजांवर आहे आणि इथं मी एरवी त्याबद्दलच लिहिते. यावेळी मात्र दुसऱ्यांच्या संशोधनाबद्दल, तेही माझ्या विषयाबाहेरच्या, लिहायचंय. कारण गेल्या उन्हाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या भाचीनं विचारलेला एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये.

जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी वाचनालयात शिबिर होतं. बहीण म्हणाली, “तू घेऊन जा, तुला तर सुट्टीच आहे.” (पीएच.डी. करणाऱ्यांना सुट्टी असते हा घरच्यांचा आवडता गैरसमज.) माझी भाची म्हणजे भिंतीवर, वहीच्या मागच्या पानावर, लाईट बिलाच्या पाठीवर, जिथं जागा दिसेल तिथं चित्र काढणारी पोरगी. तिथं मात्र कोरा कागद हातात आल्यावर तिनं खडू उचलला नाही. आधी सरांना विचारलं, “सर, नंबर किती काढणार?” सर म्हणाले, “तीन. आणि दोन उत्तेजनार्थ.” मग तिनं आजूबाजूच्या पोरांच्या कागदांकडं एकदा बघून घेतलं आणि डोंगर काढायला घेतले.

दोन डोंगर, मधे उगवता सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. तुम्हीही काढलंय हे चित्र, मीही काढलंय. त्या दिवशी तिथल्या चाळीसेक लेकरांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी हेच काढलं. आता आपला जिल्हा बघा. जिंतूरकडच्यासारखे काही भाग सोडले तर डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. सपाट काळं रान, बांधावर लिंब नाहीतर बाभूळ. यातलं काहीच कागदावर आलं नाही. नारळ मात्र घरोघर आला.

म्हणजे लेकरांनी जे पाहिलंय ते काढलं नाही, ज्याला नंबर मिळतो असं त्यांना वाटतं ते काढलं. माझी तक्रार त्यांच्यावर नाही, आपण मोठ्यांनी मांडून दिलेल्या त्या दोन तासांवर आहे.

दोन तासांत काय होतं?

मी चार दिवस गेले. थोड्याफार फरकानं जिल्ह्यातल्या इतर शिबिरांचंही असंच असतं, असं मैत्रिणींकडून ऐकलं. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार आणि तीन भाषणं. लेकरं सतरंजीवर चुळबुळ करत बसलेली. रंग हातात आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी रंगभरण : झेरॉक्स काढलेली गणपतीची आकृती, त्यात रेषेबाहेर न जाता रंग भरायचा. तिसऱ्या दिवशी मातीकाम : सरांनी केलेला बैल मधे ठेवलेला, सगळ्यांनी तसाच करायचा. चौथ्या दिवशी स्पर्धा, बक्षिसं, प्रमाणपत्रं आणि फोटो.

कुणाचा हेतू वाईट नव्हता. सर मनापासून शिकवत होते, ग्रंथपाल काकांनी पदरमोड करून सरबत आणलं होतं. तरीही चार दिवसांत एकाही लेकराला ‘तुला काय करायचंय?’ असं कुणी विचारलं नाही. आणि शिबिर ज्या खोलीत झालं तिच्या तिन्ही भिंतींना लागून पुस्तकांची कपाटं होती. ती चारही दिवस कुलूपबंद होती.

स्केचपेनचा प्रयोग

आता संशोधनाकडं येऊ. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो झाला. मुलं तीन ते पाच वर्षांची, एकूण ५१. आधी वर्गात एका टेबलावर स्केचपेन आणि कागद ठेवले आणि कोणती मुलं आपणहून तिथं रमतात ते पाहिलं. प्रयोगासाठी अशीच मुलं निवडली. म्हणजे ज्यांना चित्र काढायला आधीपासून आवडतं, अशी. माझ्या भाचीसारखी.

मग त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर तुला हे छान प्रमाणपत्र मिळेल.’ त्यावर सोनेरी चांदणी आणि लाल फीत होती. दुसऱ्या गटाला आधी काही सांगितलं नाही, चित्र काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. प्रत्येक मुलानं काही मिनिटं चित्र काढलं आणि विषय संपला.

खरा प्रयोग त्यानंतर आहे. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तेच टेबल मांडलं. आता कुणी बक्षिसाचं नाव काढत नव्हतं. मुलं मोकळ्या वेळातला किती वेळ चित्रं काढण्यात घालवतात, एवढंच आरशाच्या काचेआडून मोजलं. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती १६.७ टक्के वेळ चित्रं काढत होती. ज्यांना अचानक प्रमाणपत्र मिळालं ती १८.१ टक्के. आणि ज्यांना आधी कबूल करून दिलं होतं ती फक्त ८.६ टक्के. जवळपास निम्मं.

आणखी एक गोष्ट. प्रमाणपत्रासाठी काढलेली चित्रं कोणती हे न सांगता ती तपासायला दिली, तेव्हा त्यांचा दर्जा बाकीच्यांपेक्षा कमी भरला. जणू पोरांनी त्यांत जीव ओतला नव्हता.

असं का होतं? लेखकांचं स्पष्टीकरण साधं आहे. आपण एखादं काम का करतोय, हे माणूस स्वतःलाही सांगत असतो. ‘मला आवडतं म्हणून’ हे एक कारण पुरेसं असताना वरून ‘प्रमाणपत्रासाठी’ हे दुसरं कारण चिकटवलं, की हळूहळू दुसरंच कारण खरं वाटायला लागतं. मग प्रमाणपत्र गेलं की कामही जातं. मानसशास्त्रात याला ‘ओव्हरजस्टिफिकेशन इफेक्ट’ म्हणतात.

एक बारकावा सुटू देऊ नका : अचानक मिळालेल्या बक्षिसानं नुकसान झालं नाही. वांधा बक्षिसात नव्हता, आधी घातलेल्या अटीत होता.

स्पर्धेबद्दलही असंच काम आहे. तेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली सात ते अकरा वर्षांच्या मुलींकडून रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून चित्रं करून घेतली. एका गटाला सांगितलं, सगळ्यात चांगल्या चित्रांना बक्षीस आहे. दुसऱ्या गटाला सांगितलं, बक्षिसं आहेत पण चिठ्ठ्या टाकून द्यायची. चित्रकारांनी नंतर चित्रं पाहिली तेव्हा स्पर्धेतल्या मुलींची चित्रं कमी कल्पक ठरली. बक्षिसं दोन्हीकडं होती. फरक ‘कुणाचं चांगलं’ या प्रश्नाचा होता.

आणि मधे ठेवलेल्या त्या बैलाचं काय? २०११ सालच्या एका अभ्यासात एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना एक खेळणं दिलं. त्यात चार गमती लपवलेल्या : एक नळी ओढली की आवाज येतो, एका बटणानं दिवा लागतो, एकीकडं सूर वाजतात, एकीकडं आरसा आहे. काही मुलांना मोठ्या माणसानं ‘हे असं चालतं बरं का’ म्हणून आवाजाची गंमत शिकवली. काहींसमोर तीच गंमत चुकून झाल्यासारखी दाखवली. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं खेळण्याशी कमी वेळ खेळली आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. त्यांनी मनाशी धरलं असावं की सांगण्यासारखं आणखी काही असतं तर मोठ्यांनी सांगितलं असतं. बरोबर बैल समोर दिसत असताना आपला वेगळा बैल कोण करणार?

हे सगळं असंच्या असं मानायचं का?

नाही. संशोधन समजावून सांगायचं तर त्याच्या मर्यादाही सांगायला पाहिजेत.

५१ मुलं हा आकडा लहान आहे. ती मुलं सुखवस्तू घरांतली, परदेशातली, आणि वयानं आपल्या शिबिरातल्या मुलांपेक्षा लहान. सेलू-मानवतच्या चौथीतल्या मुलांवर तोच आकडा लागू होईल असं मी म्हणणार नाही. शिवाय या विषयावर मानसशास्त्रज्ञांत चांगलीच जुंपलेली आहे. १९९४ साली कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी अनेक प्रयोग एकत्र करून म्हटलं की बक्षिसाचा तोटा फुगवून सांगितला जातोय. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा हिशेब मांडून उलट उत्तर दिलं : आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसानं आवड कमी होते, आणि मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त. शब्दांनी केलेल्या कौतुकाचं मात्र तसं नाही. त्यानंतर पहिल्या बाजूनं पुन्हा दाखवून दिलं की मुळात कंटाळवाण्या कामात बक्षिसानं गोडी वाढू शकते.

या भांडणातून माझ्यापुरतं मी एवढं घेते : पाढे पाठ करायला चॉकलेट दिलं तर फार बिघडणार नाही, कारण पाढ्यांची आवड कमी व्हायला ती आधी असावी लागते. पण चित्र काढणं, माती मळणं हे लेकरांना फुकटात आवडतं. तिथं बक्षीस लावणं म्हणजे जे आधीच आपल्याकडं आहे ते विकत घ्यायला जाणं.

आणि माझ्या भाचीचा प्रश्न एका शिबिरानं तयार केला असाही माझा दावा नाही. शाळा, टीव्हीवरचे कार्यक्रम, आणि ‘पहिली आलीस ना?’ विचारणारे आम्ही घरचे, सगळ्यांचा हातभार आहे. पण मग या सगळ्यात एखादी जागा तरी अशी हवी ना, जिथं नंबर नसतो?

ती जागा ग्रंथालय आहे

मला हेच सांगायचंय. विचार करून बघा, लेकरांसाठी आपल्या गावात अशी कोणती सार्वजनिक जागा आहे जिथं त्यांना कुणी तपासत नाही? शाळेत चाचणी आहे. शिकवणीत चाचणी आहे. चित्रकलेतही एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आहेत, आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक त्यांच्यामागं असतात. त्या परीक्षांवर माझा राग नाही. पण ग्रंथालयात तुम्ही पुस्तक नेता, वाचता किंवा वाचत नाही, परत आणून देता. ‘काय समजलं सांग’ असं खिडकीतून कुणी विचारत नाही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला दंड नाही, उशीर झाला तरच आहे.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला सांगतो की पुस्तकं जपून ठेवायला नसतात, वापरायला असतात. हाच नियम रंगांना, कागदाला आणि मातीला लावा. ग्रंथालयातली कला ग्रंथालयासारखीच असावी : ये, घे, कर, नाही जमलं तर ठेव, उद्या पुन्हा ये. आपण मात्र तिथं शाळेचं स्नेहसंमेलन उचलून नेलंय.

ग्रंथपालांची बाजूही बघू. राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या कायद्याखाली चालतात. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणं अनुदान. त्यातच पगार, पुस्तकं, वीजबिल सगळं बसवायचं. २०२२ च्या अखेरीस अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली खरी, पण मूळ रक्कमच इतकी तुटपुंजी होती की खेड्यातल्या छोट्या वाचनालयाचा ग्रंथपाल दुसरं काहीतरी केल्याशिवाय घर चालवू शकत नाही. त्यात तपासणी असते, आणि ‘उपक्रम राबवला’ हे कागदावर दिसावं लागतं. बक्षीस-वितरणाचा फोटो चटकन दिसतो. एका कोपऱ्यात पोरगं अर्धा तास निळा आणि पिवळा मिसळत बसलंय, याचा फोटो कोण काढणार आणि अहवालात काय लिहिणार? म्हणून मी एकट्या ग्रंथपालांना दोष देत नाही. पण मी खाली जे सांगतेय त्याला खर्च जास्त लागत नाही. चषक आणि फ्लेक्सचे पैसे वाचतातच.

फुटलेले बैल

आता माझ्या विषयातलं एक. तिसऱ्या दिवशी केलेले मातीचे बैल चौथ्या दिवशी सकाळी बघितले तर बहुतेकांना भेगा पडलेल्या. कुणाचं शिंग गळालेलं, कुणाच्या पाठीचे दोन तुकडे. सर म्हणाले, “माती खराब निघाली.” बैल कोपऱ्यात ढकलले गेले आणि स्पर्धा सुरू झाली.

माती खराब नव्हती. ती आपल्या रानातली अस्सल काळी माती होती. तिच्यातल्या चिकणमातीचे कण म्हणजे वहीच्या पानांसारखे अतिशय पातळ थर असतात. पाणी त्या पानांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. वाळताना पाणी निघून जातं, पानं जवळ येतात, माती आकसते. सगळीकडून सारखी आकसली तर ठीक, पण बाहेरचा भाग आधी वाळतो आणि आतला ओला राहतो, त्या ओढाताणीत भेग पडते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्याचं कारणही हेच. म्हणून तर कुंभार मातीत राख, वाळू, लीद असं काहीबाही मिसळतात, आणि चुलीच्या मातीत आज्जी भुसा घालायची.

दोन-तीन लेकरं त्या फुटलेल्या बैलांपाशी बसून राहिली होती. एकानं मला विचारलं, “ताई, माझा काहून फुटला? ह्याचा तर नाही फुटला.” मी बघितलं तर ज्याचा फुटला नव्हता त्यानं बैल बारीक केला होता आणि अंगणातली रेती लागलेल्या हातानंच मळला होता. त्या चार दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता, आणि तो विचारायला बैल फुटावा लागला. सगळ्यांचे बैल सरांसारखे गुळगुळीत झाले असते तर कुणी काही विचारलंच नसतं. मी उत्तर द्यायला लागले तेवढ्यात माइकवरून नावं पुकारायला सुरुवात झाली आणि पोरं पळाली.

मग काय करायचं?

मी काही कलाशिक्षक नाही, पण या वाचनातून आणि त्या चार दिवसांतून मला सुचलेलं सांगते.

एक, स्पर्धा नको. खाऊ द्यायचाच असेल तर शेवटी सगळ्यांना द्या, आधी जाहीर करू नका. कौतुक करताना ‘छान’ म्हणून पुढं जाऊ नका, ‘ही म्हैस अशी बसलेली का काढलीस?’ असं विचारा.

दोन, नमुना मधे ठेवू नका. अडलेल्या लेकराला हात धरून दाखवा, सगळ्यांसमोर ‘बरोबर’ बैल मांडू नका.

तीन, सामान इथलंच घ्या. काळ्या मातीचे तीन गोळे करा : एक नुसता, एक रेती घातलेला, एक राख घातलेला. उद्या बघा कोणता टिकतो. हळदीच्या पाण्यानं कागद रंगवा आणि चुन्याच्या निवळीत बुडवलेल्या काडीनं त्यावर लिहा. अक्षरं लाल उमटतात. भेंडी आडवी कापून तिचे ठसे काढा. रद्दी पेपर तर प्रत्येक वाचनालयात ढिगानं असतो. यात मोठ्यांनी हवं तर अरविंद गुप्ता यांची मदत घ्यावी. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं : कपाटं उघडा. शाळेत जे होऊ शकत नाही ते इथं होऊ शकतं, कारण टेबलाशेजारी पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. ती पुस्तकं लेकरांच्या हातात द्या आणि मग म्हणा, आता तुझ्या घरातलं एक माणूस काढ. नारळाचं झाड आपोआप मागं पडेल. ज्याला काढायचं नाही त्यानं वाचत बसावं, ज्याला वाचायचं नाही त्यानं माती मळावी. हजेरी घ्या, गुण देऊ नका. अहवालात लिहायला एक आकडाही मिळेल : शिबिर संपल्यावर जूनमध्ये किती लेकरं आपणहून परत आली? स्टॅनफर्डच्या त्या प्रयोगात शेवटी मोजलं होतं ते हेच. बक्षीस गेल्यावर कोण टेबलापाशी येतं.

माझ्या भाचीला त्या शिबिरात दुसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर आहे. ते डोंगर-नदीचं चित्र कुठं गेलं कुणालाच माहीत नाही, तिनंही विचारलं नाही. परवा तिच्या घरी गेले तेव्हा मी पिशवीतून काळी माती आणि थोडी रेती काढली. तिनं पहिल्यांदा विचारलं, “मावशी, कशासाठी करायचंय?” मी म्हटलं, “कशासाठीच नाही.” तिला ते पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. थोडा वेळ नुसती बसली. मग एक गोळा घेऊन मळायला लागली. तासाभरानं अंगणात एक काहीतरी झालं होतं, शेळी असावी. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला : “मावशी, पाय फुटला. रेती अजून घालायची का?”

यंदा मी त्या वाचनालयात रेती घेऊन जाणारेय. काकांशी बोलणं झालंय. एक सकाळ द्यायला ते तयार आहेत, बिनस्पर्धेची. कपाटाच्या किल्ल्याही मागितल्यात.